घरच्या मेजावरील स्टिअरिंग

लहान मूल स्वयंपाकघरातले ताट उचलते, दोन्ही हातांत धरते आणि तोंडाने घरघर करीत घरभर धावत सुटते. ह्या मोटारीला ना चाके, ना इंधन, ना परवाना. तरी चालकाच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य एखाद्या मुरलेल्या बसचालकाला लाजवील असे असते. ह्या खेळात उणीव एकच. ताट डावीकडे वळवा की उजवीकडे, ते हाताला काही सांगत नाही. खऱ्या मोटारीचे स्टिअरिंग मात्र सतत काही ना काही सांगत असते : रस्ता खडबडीत आहे, वळण अवघड आहे, पुढची चाके घसरू लागली आहेत. गेल्या पन्नास वर्षांत व्हिडिओ खेळांसाठी जी स्टिअरिंगे तयार झाली, त्यांचा इतिहास हा त्या मुक्या ताटाला वाचा फुटण्याचा इतिहास आहे. आज एखादा तरुण आपले पहिले, बेताच्या किमतीचे स्टिअरिंग घेण्यास निघतो, तेव्हा त्याच्यापुढे जी खोकी मांडली जातात त्यांत ह्या इतिहासाचे बहुतेक टप्पे शेजारी शेजारी बसलेले असतात. म्हणून निवड करण्यापूर्वी हा इतिहास थोडक्यात पाहून घेणे हिताचे ठरते.

आरंभ घरात झाला नाही. तो नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत झाला. १९७४ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' हे यंत्र बाजारात आणले. पडद्यावर ठिपक्यांनी आखलेला शर्यतीचा मार्ग वरून पाहावा तसा दिसे. पण यंत्राला खरे स्टिअरिंग होते, गिअरचा दांडा होता आणि पायाशी वेगाचे व ब्रेकचे अशी दोन पेडल होती. आजच्या साध्या संचात जे असते ते जवळजवळ सारे येथे पहिल्याच पावलाला आलेले दिसते. ह्या यंत्राने अटारीला पैशाच्या दृष्टीने मात्र हात दिला नाही. त्याची विक्रीची किंमत उत्पादनखर्चाहूनही कमी लावली गेली होती. मोटारीचा आभास स्वस्तात विकणे किती कठीण आहे, ह्याचा तो पहिला धडा म्हणावयास हरकत नाही.

दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच कंपनीच्या 'नाइट ड्रायव्हर' ह्या खेळाने चालकाला वरच्या आकाशातून खाली उतरवून रस्त्यावर आणले. काळ्या पडद्यावर दुतर्फा पांढरे खुंट अंगावर धावून येत आणि तेवढ्यावरून रात्रीचा रस्ता समजून घ्यावयाचा. त्याच वर्षी जपानच्या सेगा कंपनीने मोटारसायकलीचा एक खेळ आणला; त्यात टक्कर झाली की हातातला दांडा थरथरत असे. खेळणाऱ्याच्या हाताला यंत्राने दिलेल्या आरंभीच्या उत्तरांपैकी हे एक. अर्थात हे उत्तर 'आपटलास' एवढेच सांगणारे होते. 'आता आपटशील, सांभाळ' असे सांगण्याइतकी समज त्या यंत्राला अजून आलेली नव्हती.

घरात हा खेळ आला तो फारच लहान रूपाने. १९७७ मध्ये अटारीने दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे घरगुती यंत्र काढले आणि त्याच्या 'इंडी ५००' ह्या खेळाबरोबर मोटार वळविण्यासाठी दोन खास नियंत्रके दिली. ही नियंत्रके म्हणजे हाताच्या मुठीत बसणारी, कोठेही न अडता गोल गोल फिरणारी बटणे होती. रेडिओचे स्टेशन लावावे तशी मोटार वळवावयाची! पुढे १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कोलेको कंपनीने आपल्या 'कोलेकोव्हिजन' यंत्रासाठी 'टर्बो' ह्या खेळाबरोबर खरोखरीचे स्टिअरिंग आणि वेगाचे एक पेडल विकण्यास काढले. दिवाणखान्यात बसून दोन्ही हातांनी चक्र धरण्याची हौस अशा रीतीने भागली. परंतु हे चक्रही मुकेच होते. ब्रेकचे पेडलच नसल्यामुळे चालकाने वेग आवरण्याची कला शिकावी, अशी अपेक्षाही त्यात फारशी नसावी.

खरा पालट १९८९ साली झाला, आणि तोही घराबाहेरच. अटारी गेम्सच्या 'हार्ड ड्रायव्हिंग' ह्या यंत्रात किल्ली फिरवून मोटार सुरू करावी लागे, क्लच होता, आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंगच्या मागे एक विद्युत्-मोटर बसविलेली होती. पडद्यावरील मोटारीच्या चाकांवर ज्या शक्ती येतील असा हिशेब यंत्र करी, त्यांचा काही अंश ही मोटर खेळणाऱ्याच्या हातात पोहोचवी. ह्या तत्त्वाला आज 'फोर्स फीडबॅक' असे नाव आहे. मराठीत त्याला प्रतिबल म्हणता येईल.

प्रतिबल म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण स्वस्त स्टिअरिंग घेताना फसगत होते ती येथेच. १९९० नंतरच्या दशकात घरच्या संगणकांवर मोटारशर्यतीचे गंभीर खेळ आले. पॅपिरस ह्या अमेरिकन संस्थेने १९९३ मध्ये 'इंडीकार रेसिंग' काढला आणि १९९८ मध्ये 'ग्रां प्री लेजंड्स' ह्या खेळात १९६७ सालच्या शर्यतींतील मोटारी त्यांच्या खोडींसह उभ्या केल्या. अशा खेळांसाठी थ्रस्टमास्टरसारख्या कंपन्यांनी मेजाला आवळून बसवावयाची स्टिअरिंगे विकली. त्या काळच्या बहुतेक चक्रांत रबराचा ताण किंवा स्प्रिंग असे. चक्र वळवले की ते मध्याकडे ओढ घेई. हाताला जोर लागे खरा, पण स्प्रिंग एकच वाक्य पाठ केलेल्या पोपटासारखी असते. रस्ता कोरडा असो, ओला असो वा बर्फाचा असो, ती तेवढ्याच जोराने मध्याकडे ओढणार.

खऱ्या मोटारीत असे होत नाही. पुढच्या टायरांची जमिनीवर पकड असते तोवर चाके सरळ होऊ पाहतात आणि स्टिअरिंग हाताला विरोध करते. वळणावर वेग वाढत गेला की हा विरोध वाढत जातो. आणि टायरची पकड सुटण्याच्या सुमारास तो एकाएकी ओसरू लागतो. स्टिअरिंग हलके पडणे ही धोक्याची सूचना असते, आणि ती डोळ्यांच्या आधी हातांना कळते. जाणता चालक ह्याच सूचनेवर भरवसा ठेवून मोटार कडेच्या सीमेवर नेतो आणि परत आणतो. प्रतिबल देणाऱ्या स्टिअरिंगात खेळ हा सगळा हिशेब दर सेकंदाला कित्येकदा करतो आणि मोटरला आज्ञा देतो.

ही सोय १९९० च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी घरात आणली. पुढचे पाऊल जपानी खेळ आणि स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली लॉजिटेक कंपनी ह्यांच्या सहकार्याने पडले. काझुनोरी यामाउची ह्यांच्या 'ग्रान तुरिस्मो' ह्या १९९७ पासून चालत आलेल्या मालिकेसाठी लॉजिटेकने २००१ मध्ये प्रतिबल देणारे स्टिअरिंग काढले. थोड्याच वर्षांत आलेले 'ड्रायव्हिंग फोर्स प्रो' हे स्टिअरिंग ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे, वळू लागले. पूर्वीची चक्रे जेमतेम पाऊण फेरा वळत. रस्त्यावरच्या साध्या मोटारीचे चक्र अडीच-तीन फेरे वळते, हे आपण जाणतोच. २००६ मध्ये 'जी२५' ह्या संचात क्लच आणि सहा गतींचा गिअरदांडाही मिळू लागला. 'जी२७', आणि २०१५ पासून 'जी२९' व 'जी९२०', ही त्याच घराण्यातील पुढची मंडळी.

ह्या वस्तूंचे मोल केवळ करमणुकीपुरते आहे काय? मोटारशर्यत हा मुळात धनवंतांचा खेळ. नुसता सराव करावयाचा म्हटले तरी टायर, इंधन, दुरुस्ती आणि मार्गाचे भाडे ह्यांत घरदार विकावे लागेल अशी परिस्थिती. २००८ मध्ये सोनी आणि निसान ह्यांनी 'जीटी अकादमी' ही स्पर्धा सुरू करून घरी खेळणाऱ्यांतून खरे चालक निवडण्याचा प्रयोग केला. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ, २०११ मध्ये ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसऱ्या क्रमांकाच्या चमूत होता. अमेरिकेचा विल्यम बायरन ह्याने किशोरवयात शर्यतीचे पहिले धडे संगणकावर गिरवले. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे त्याने डेटोना ५०० ही मोठी शर्यत जिंकली.

ह्याहूनही बोलका प्रसंग २०२० च्या मार्चमधला आहे. साथीमुळे खऱ्या शर्यती बंद पडल्या, तेव्हा अमेरिकेतील नॅस्कारच्या चालकांच्या शर्यती संगणकावर भरवून दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आल्या. काहींनी घरी हजारो डॉलरांची साधने उभी केली होती. टेक्ससच्या आभासी मार्गावरील शर्यत जिंकली ती टिमी हिल ह्याने, जुन्या 'जी२७' ह्या बाजारू संचावर. खऱ्या मार्गावर लहान चमूच्या अशक्त मोटारीमुळे हा चालक सदैव मागच्या रांगेत असे. सर्वांना सारखीच मोटार मिळाल्याबरोबर त्याचे कसब पुढे आले. साधन साधे होते, पण ते खरे बोलणारे होते. तेवढे त्याला पुरले.

आपल्या देशात ह्या गोष्टीला निराळे महत्त्व आहे. भारतात शर्यतीचे कायमचे मार्ग बोटांवर मोजण्याइतके. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग, जेथे २०११ ते २०१३ ह्या तीन वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत झाली, ही त्यांतील प्रमुख नावे. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हा कोइमतूरचाच. ज्याचे गाव अशा मार्गापासून शेकडो मैल दूर आहे, त्याला हा खेळ खरोखर शिकण्याची वाट आज घरच्या मेजावरूनच जाते. ती वाट अरुंद आहे, आणि तिच्या टोकाशी पैशाचा जुना दरवाजा अजून उभा आहे, हे विसरता कामा नये. जीटी अकादमीही २०१६ नंतर बंद पडली. पण वाट मुळीच नसण्यापेक्षा अरुंद वाट बरी.

आता खरेदीचा विचार. स्वस्त स्टिअरिंगांत आज स्थूलमानाने चार जाती दिसतात. पहिली बिनमोटरची, म्हणजे स्प्रिंगची अथवा रबराची; ती लहान मुलांच्या विरंगुळ्यास ठीक, शिकण्यास निरुपयोगी. दुसरीत मोटरचे बल दंतचक्रांतून येते. ती टिकाऊ असते, पण खरखरते आणि बारीक सूचना दंतचक्रांत हरवतात. तिसरीत पट्टा असतो. ती मऊ चालते. चौथीत चक्र थेट मोटरच्या दांड्यावरच बसवलेले असते. ही जात पूर्वी फार महाग होती; २०२१ मध्ये जर्मनीच्या फॅनाटेकने साडेतीनशे युरोच्या आसपास तसे यंत्र काढले आणि तिची किंमत उतरू लागली. बळाचे माप न्यूटन-मीटरमध्ये देतात. त्या फॅनाटेक यंत्राचे बल ५ न्यूटन-मीटर. तीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेला सुमारे साडेतीन किलो वजन टांगल्यासारखे ते हाताला लागते. 'जी२९'चे बल ह्याच्या निम्म्याहूनही कमी भरते.

आकड्यांच्या मागे लागून ब्रेककडे दुर्लक्ष करू नये. शर्यतीत वेळ वाचतो तो बहुधा वळणापूर्वी वेग नेमका किती व केव्हा कमी केला ह्यावर. पायाला अंतरापेक्षा दाब चांगला लक्षात राहतो. स्वस्त पेडल किती खाली गेले एवढेच मोजतात. दाब मोजणारे पेडल मिळाल्यास थोडे जास्त पैसे तेथे घालावेत. मेज डगमगणारे नसावे आणि पेडल भिंतीला टेकवून ठेवावेत, नाहीतर जोराने ब्रेक दाबताच सारा संच पुढे सरकतो. आपल्याकडे मोटारीत चालक उजवीकडे बसतो, म्हणून सुटा गिअरदांडा असल्यास तो डाव्या हाताशी आवळावा. आणि घेण्यापूर्वी आपल्या घरच्या यंत्राशी ते स्टिअरिंग जुळते की नाही हे खोक्यावर वाचावे. 'जी२९' प्लेस्टेशनशी बोलते, एक्सबॉक्ससाठी 'जी९२०' घ्यावे लागते. दोन्ही दिसायला सख्खी भावंडे, पण एकमेकांच्या घरी जेवत नाहीत.

एक गोष्ट मात्र कोणतेही स्टिअरिंग, स्वस्त वा महाग, हातात आणून देऊ शकलेले नाही. ती म्हणजे भय. मेजावर मोटार उलटली तर एक बटण दाबले की ती पुन्हा उभी राहते. २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्यासाठी असे बटण नव्हते. म्हणून पहिले स्टिअरिंग घेणाऱ्या तरुणाने त्यावर टायरची पकड ओळखण्यास, ब्रेक जपून वापरण्यास आणि पुढच्या मोटारीपासून अंतर राखण्यास शिकावे. हे शिक्षण खऱ्या रस्त्यावर त्याला उपयोगी पडेल. वेगाची हौस मात्र त्याने खेळ आटोपताच मेजावरच ठेवावी आणि मग घराबाहेर पडावे.