‘देवमाणूस’चा शेवट बघून लोक एवढे का चिडले होते?

१५ ऑगस्ट २०२१, रविवार. झी मराठीवर ‘देवमाणूस’चा शेवटचा भाग होता. वर्षभर रात्री साडेदहाला जेवणं उरकून टीव्हीसमोर बसलेल्या घरांना त्या दिवशी एकच गोष्ट बघायची होती. देवीसिंगचा हिशोब कसा होतो?

तो झालाच नाही. देवीसिंग ना फासावर गेला, ना गजाआड. भाग संपला आणि फेसबुकवर लोकांनी राग काढायला सुरुवात केली. एवढे दिवस बघायला लावलं ते यासाठी? दुसरं पर्व काढायचं म्हणूनच याला सोडला ना? मीम्सचा तर पाऊस पडला.

आता मालिकेचा शेवट न आवडणं यात नवीन काही नाही. पण हा राग जरा वेगळा होता. तो समजायचा तर मालिकेच्या आधी जायला लागतं. पाच वर्षं मागे आणि कोल्हापूरपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, वाईला.

ऑगस्ट २०१६. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणारी एक महिला जूनपासून बेपत्ता होती. तिचा शोध घेता घेता पोलीस धोमच्या संतोष पोळपर्यंत पोहोचले. गावात लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी करणारा माणूस अशीही त्याची ओळख होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार २००३ पासून त्याने सहा खून केले, पाच बायका आणि एक पुरुष. औषधाचं इंजेक्शन देऊन मारायचं आणि जमिनीत पुरायचं, अशी पद्धत. त्याच्या फार्महाऊसच्या आवारातून मृतदेह उकरून काढले, तेव्हा राज्यभरातले कॅमेरे धोमला लागले होते. पेपरवाल्यांनी त्याचं नाव ‘डॉक्टर डेथ’ ठेवलं.

या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचते ती मधली तेरा वर्षं. माणसं एकेक करून गायब होत होती, घरचे शोधत होते, आणि ज्याच्यावर आरोप झाला तो गावातच मानाने फिरत होता.

मालिकेने नेमकं हेच उचललं. अजितकुमार देव नावाचा बोगस डॉक्टर, गावासाठी देवमाणूस, आत देवीसिंग. बाई गायब झाली की गावात कुजबुज, मग दुसऱ्या दिवशी परत तोच दवाखाना आणि तीच रांग. किरण गायकवाडने हे काम असं केलं की ‘लागिरं झालं जी’मधला त्याचा भैय्यासाहेब लोक विसरले. दोन्ही मालिका निर्माती श्वेता शिंदेच्याच. त्यात सरू आजीचं तोंड, टोण्या-बज्याची मस्ती. लोक हसत हसत खून बघत होते, असं म्हटलं तरी चालेल. प्रामाणिकपणे सांगायचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना देवीसिंग सापडावा असंही वाटत होतं आणि एवढ्यात सापडू नये असंही वाटत होतं.

मग मालिका कोर्टात गेली. सरकारी वकील आर्या देशमुखच्या भूमिकेत आपल्या कोल्हापूरची सोनाली पाटील आली. वाटलं, आता संपलं याचं. पण तो सुटला. तिथेच अर्धे प्रेक्षक वैतागले होते. उरलेल्यांनी सगळी आशा १५ ऑगस्टवर ठेवली.

आणि इथेच मालिकेची खरी अडचण होती. जिच्यावरून गोष्ट सुचली तिचाच शेवट झालेला नव्हता. मालिका संपली तेव्हा पोळच्या अटकेला बरोबर पाच वर्षं झाली होती आणि साताऱ्याच्या कोर्टात खटला सुरूच होता. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते, सहआरोपी महिला माफीची साक्षीदार झाली होती, पण निकाल नव्हता. मधल्या काळात पोळ कोल्हापुरात, कळंबा जेलमध्येही होता. तिथून त्याच्या हातात पिस्तुलासारखं काहीतरी असलेला व्हिडिओ बाहेर आला आणि त्याची नव्याने चर्चा झाली. म्हणजे खऱ्या प्रकरणात मालिकेपेक्षा जास्त ट्विस्ट होते, फक्त शेवटचा एपिसोड नव्हता.

कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या गावित बहिणींना १९९६ मध्ये अटक झाली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ती कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. आणि १८ जानेवारी २०२२ ला, अर्जावर निर्णयाला झालेल्या उशिराचं कारण देत मुंबई हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. अटकेपासून पंचवीस वर्षं. यावर ‘पोशम पा’ नावाचा सिनेमा येऊन गेला, त्यालाही तेव्हा अडीच वर्षं होत आली होती.

त्यामुळे लोकांचा राग नुसता लेखकावर नव्हता, असं मला वाटतं. कोर्टात वर्षानुवर्षं जे बघायला मिळत नाही, ते निदान टीव्हीवर तरी दोन तासांत मिळावं, एवढंच मागणं होतं.

वाहिनीची बाजूही बघा. चाललेला खलनायक कोण मारतं? डिसेंबर २०२१ मध्ये ‘देवमाणूस २’ आलं, किरण गायकवाड परतला, म्हणजे फेसबुकवर चिडलेल्यांचा अंदाज बरोबरच निघाला. अमेरिकेतही हेच झालंय. ‘डेक्स्टर’ ही सीरियल किलरचीच मालिका. २०१३ च्या शेवटात नायक वादळात मेला असं वाटतं आणि मग तो दूर कुठेतरी लाकूडतोड्या बनून बसलेला दिसतो. लोक एवढे भडकले की आजही वाईट शेवटांची यादी निघाली की त्याचं नाव येतं. पण त्यालाही २०२१ मध्ये परत आणला आणि २०२५ मध्ये पुन्हा एकदा.

बरं, अशा शेवटाची तक्रार करता येते का? मालिकेला सिनेमासारखं सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. केबल टीव्ही कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू असते. तक्रार आधी वाहिनीकडे करायची, मग २०११ पासून असलेल्या ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिलकडे. पण तिथे हिंसा, अश्लीलता, अंधश्रद्धा असले मुद्दे चालतात. गुन्हेगार सुटला ही तक्रार होत नाही.

जून २०२५ मध्ये तिसरं पर्व आलं, ‘देवमाणूस - मधला अध्याय’. यावेळी तो गोपाळ नावाचा टेलर, आणि गोष्ट पहिल्या आणि दुसऱ्या पर्वाच्या मधली. म्हणजे चार वर्षांपूर्वी जो शेवट लोकांना हवा होता, त्याच्यापुढे काय झालं ते आता दाखवायला घेतलं. तेवढं एक लक्षात ठेवा, एप्रिल २०२५ मध्ये महेश मांजरेकरांचा ‘देवमाणूस’ नावाचा सिनेमाही आला होता. त्याचा या डॉक्टरशी काही संबंध नाही.