बाथची फीत

२८ जून १९७० रोजी इंग्लंडमधील शेप्टन मॅलेट येथे भरलेल्या बाथ महोत्सवात लेड झेपलिनने आरंभ केला तो ‘इमिग्रंट साँग’ने. हे गाणे असलेली तबकडी ऑक्टोबरमध्ये यावयाची होती. त्यामुळे श्रोत्यांतील कुणी गर्दीत बसून केलेल्या ध्वनिमुद्रणात त्याचे तबकडीपूर्वीचे रूप सापडते.

अशा फितीचे पुनर्संस्करण म्हणजे पोथीची पाठनिश्चितीच. मुद्रण करताना यंत्राची बॅटरी मंदावली असेल, तर आज सूर चढा ऐकू येतो. तो उतरवायचा कुठवर? गिटार कानाने जुळवलेली असते. जॉन पॉल जोन्सचा हॅमंड ऑर्गन मात्र विजेच्या आवर्तनांशी बांधलेला, म्हणून त्याची साक्ष अधिक भरवशाची. इथवर वाद नाही. खरा पेच फितीच्या सळसळीचा. ती विशेषेकरून ज्या उंच स्वरांत जाणवते, तेथेच बॉनमच्या झांजांची झळाळी असते. एक पुसताना दुसरीही जाते. (संगणक हाती आल्यापासून पुसण्याचा मोह अनावर झाला आहे.) शेजारच्या श्रोत्याच्या टाळ्याही कित्येक जण कापतात. मला हा सरळसरळ पाठभ्रंश वाटतो. मंचावर काय वाजले, एवढेच ती फीत सांगत नाही. त्या मैदानात बसलेल्याच्या कानी ते कसे पडले, हेही तीच सांगते.