इमो वेशभूषा

इमो वेशभूषा : पंक संगीताच्या ‘इमोशनल हार्डकोर’ या शाखेभोवती अमेरिकेत घडलेला तरुणांचा पेहराव. आवडत्या बँडचा काळा टी-शर्ट, पायाला चिकटणारी जीन्स, धातूच्या टोकदार टिकल्यांचा पट्टा, कॅनव्हासचे बूट आणि एका डोळ्यावर उतरलेली सरळ काळी झुलपे हे त्याचे परिचित रूप. हे रूप २००० नंतरचे. संगीत त्याआधी पंधरा वर्षे वाजत होते आणि सुरुवातीला त्याला स्वतःचा असा पोशाख नव्हता.

१९८५ च्या सुमारास वॉशिंग्टन डी. सी.मध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग, एम्ब्रेस या बँडांनी हार्डकोर पंकमध्ये खासगी दुःख आणले. एम्ब्रेसचा गायक इयन मकाय याला ‘इमो’ हे नाव मुळीच मान्य नव्हते. १९९० च्या दशकात हे संगीत इलिनॉय, विस्कॉन्सिन अशा राज्यांत रुजले. त्या काळात एक पेहराव हळूहळू जमत गेला : लोकरीचा जुना कार्डिगन, जाड फ्रेमचा चष्मा, लहान मुलांच्या बेसबॉल संघाचे नाव असलेला आखूड टी-शर्ट, खिशावर परक्याचे नाव भरलेला गॅरेज कामगाराचा शर्ट. हे सारे गुडविल, साल्व्हेशन आर्मी यांच्या दुकानांतून येई. लोकांनी दान केलेले कपडे तिथे थोडक्या पैशांत मिळतात. मात्र अमुकच हवे असे म्हणून चालत नाही. आलेल्या ढिगातून आपले शोधावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते या शैलीचा जीव त्या शोधण्यात आहे.

घट्ट जीन्सचे सविस्तर सांगायला हवे. २००० नंतरची काही वर्षे पुरुषांच्या विभागात इतकी अरुंद मोहरी सहसा मिळत नसे. मुले मुलींच्या विभागातून जीन्स घेत, नाहीतर साधी पँट घरीच आटवत. पँट उलटी करून अंगात घालायची आणि बाहेरच्या बाजूच्या शिवणीलगत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत टाचण्या लावत जायचे. आतल्या बाजूच्या शिवणीवर बहुधा दुहेरी टीप असते, ती उसवणे जिकिरीचे. मोहरीतून पाऊल निघते ना हे आधी पाहायचे; नवशिके इथेच चुकतात. मग टाचण्यांच्या रेषेवर टीप. पँट घालून, बसून-उठून पाहिल्याखेरीज कात्री लावायची नाही, आणि लावली तरी बोटभर माया ठेवायची. आपल्याकडे हेच काम कोपऱ्यावरचा अल्टरवाला करून देतो.

जॅकेटवर बँडच्या नावाचे कापडी तुकडे शिवणे ही पंकची देणगी. त्यासाठी पुष्कळजण दातांच्या फटी साफ करायचा दोरा वापरतात. तो सहजी तुटत नाही आणि काळ्या कापडावर त्याचे पांढरे टाके उठून दिसतात.

कॅलिफोर्नियात १९८९ साली सुरू झालेल्या हॉट टॉपिक या दुकानसाखळीने पुढे हा पेहराव मॉलमध्ये आणला. जिथे ना बँड येत, ना अशी माणसे भेटत, त्या लहान गावांतल्या मुलांना त्याचा मोठा आधार झाला. माय केमिकल रोमान्स या बँडच्या ‘द ब्लॅक परेड’ (२००६) या अल्बमसाठीचे बँडपथकी गणवेश कॉलीन ॲटवूड या चित्रपट-वेशभूषाकार स्त्रीने केले. चाहत्यांनी तशी जॅकेटे घरी शिवली : जुना काळा कोट, त्यावर आडव्या पांढऱ्या फिती.

कपड्यांवरून हेरून मारहाणही झाली. मार्च २००८ मध्ये मेक्सिकोतील केरेतारो शहरात जमाव इमो मुलांवर धावून गेला. त्यानंतर मेक्सिको सिटीत इमो तरुणांनी मोर्चा काढला. त्याआधी ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमधील बेकप येथे सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची गॉथ (काळ्या पेहरावाच्या दुसऱ्या एका शैलीतली) तरुणी निव्वळ तिच्या पेहरावामुळे झालेल्या हल्ल्यात जबर जखमी होऊन मरण पावली. ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस २०१३ पासून अशा वेशभूषेच्या लोकांवरील हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवतात.