नाव एकीकडे, नोंद दुसरीकडे : केईएम संशोधन केंद्राची वाटचाल

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याहून जेजुरीकडे निघालेला रस्ता पाबळ मागे टाकून शिक्रापूरला येतो आणि तिथे पुणे–अहिल्यानगर महामार्गाला छेदतो. बेल्ह्याच्या बाजाराला निघालेली जनावरे आणि जेजुरीचे भाविक यांच्या पिढ्यानपिढ्या परिचयाचा हा रस्ता. त्याच्या वाटेवरच्या शिक्रापूरजवळ, शिक्रापूर–कोरेगाव भीमा–वढू बुद्रुक या पट्ट्यात, गेल्या पाच दशकांत एक काम शांतपणे उभे राहिले. मुलांच्या आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या नोंदी एकमेकींशी जोडून पाहण्याचे, आणि तसे करताना कोणाच्याही मुलाचे नाव चव्हाट्यावर येणार नाही याची काळजी घेण्याचे हे काम आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे संशोधन केंद्र हे त्याचे घर.

केईएम हॉस्पिटलची स्थापना 1912 सालची. डॉ. बानू कोयाजी 1944 मध्ये तिथे रुजू झाल्या, तेव्हा रास्ता पेठेतले हे रुग्णालय म्हणजे जेमतेम 40 खाटांचे प्रसूतिगृह होते. पुढची पाच दशके बानूबाईंनी ते वाढवले. बाळंतपणासाठी उशिरा, अर्धमेल्या अवस्थेत पुण्यात पोहोचणाऱ्या खेड्यांतल्या बायका त्या रोज पाहत होत्या. आपणच खेड्यात गेले पाहिजे, हे त्यांच्या मनाने तिथेच घेतले. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला केईएमचे संशोधन केंद्र उभे राहिले आणि त्याच दशकात छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने मूळ धरले. गावातल्याच स्त्री-पुरुषांना आरोग्यसेवक म्हणून शिकवायचे, हा त्याचा गाभा. 1989 साली पद्मभूषण आणि 1993 साली रॅमन मॅगसेसे पुरस्काराने बानूबाईंच्या कार्याचा गौरव झाला.

नोंदींच्या गोपनीयतेचा विचार त्या काळी कायद्याच्या भाषेत कोणी करत नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मानवी संशोधनाबाबतचे आपले पहिले नैतिक धोरण 1980 मध्ये जाहीर केले, त्याआधीचा हा काळ. तरीही गावातल्या आरोग्यसेविकेला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागली नाही : एका घरात ऐकलेले दुसऱ्या घरी बोलायचे नाही. एकदा जरी बोलली, तरी त्या आळीत तिला पुन्हा कोणी उंबरा ओलांडू देणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. संस्थेच्या आजच्या सगळ्या नियमावलीच्या मुळाशी ही व्यवहारी शहाणीव आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आरोग्य आणि शाळा यांची पहिली ठोस गाठ पडली ती 1987 मध्ये. डॉ. आनंद पंडित आणि डॉ. सुधा चौधरी यांच्या बालरोग विभागाने नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. अशी बाळे जगवणे हेच तेव्हा मोठे यश मानले जाई. पुढे त्यांचे काय होते, हा प्रश्न विचारणारे थोडे होते. पुण्याच्या या पथकाने तो वर्षानुवर्षे विचारला. ही मुले बारा वर्षांची झाल्यावर त्यांची बौद्धिक क्षमता आणि शालेय प्रगती तपासली गेली, आणि 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचा बुद्धिगुणांक सर्वसामान्य मर्यादेत असला तरी पुरेशा वजनाच्या मुलांपेक्षा कमी भरला, वाचनात आणि गणितात अडचणी जास्त आढळल्या. त्यानंतर अठराव्या वर्षापर्यंतही हा पाठपुरावा चालू राहिला.

इथेच गोपनीयतेचा खरा पेच समोर येतो. रक्तदाबाचा आकडा फुटला तर फारसे बिघडत नाही; पण ‘या मुलाला गणितात अडचण आहे, कारण जन्मतः वजन कमी होते’ हे वाक्य वर्गात पोहोचले, तर ते मूल दहावीपर्यंत मागच्या बाकावर बसते. असा शिक्का पुसला जात नाही. मुलीच्या बाबतीत तर तो लग्नाच्या बोलणीपर्यंत पाठलाग करतो.

1993 मध्ये केईएमच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषण अभ्यास हाती घेतला. साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर आणि डॉ. कॅरोलिन फॉल हे त्यांचे सहकारी. विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेआधीच झाली, आणि 1994 ते 1996 या काळात जन्मलेली 762 बालके या अभ्यासाची मुले ठरली. पुण्याकडच्या बाळाचे सरासरी वजन 2.7 किलो, साउदॅम्प्टनच्या बाळाचे 3.5 किलो, पण आपले बाळ हडकुळे दिसत असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त, हा याज्ञिकांचा निष्कर्ष पुढे जगभर चर्चिला गेला.

या अभ्यासाची संमतीची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. रुग्णालयाच्या नैतिकता समितीच्या मान्यतेबरोबरच गावच्या पुढाऱ्यांची परवानगी घेतली गेली. लहानपणी आईवडिलांनी लेखी संमती दिली; मूल कळते झाल्यावर त्याचा स्वतःचा होकार विचारला गेला; आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्या तरुणाने किंवा तरुणीने आपल्या हाताने सही केली. आईबापांनी दिलेला शब्द मुलावर जन्मभर बांधून ठेवायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी तपासण्या झाल्या, आणि अठराव्या वर्षीही सहाशेहून अधिक जण आले. दुष्काळ, स्थलांतर, लग्ने आणि कारखान्यांतल्या पाळ्या या सगळ्यांतून इतकी माणसे टिकणे, हा कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा दाखला आहे.

याच मालिकेतला 2008 साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आपल्या विषयाला थेट भिडतो. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर स्मरण आणि एकाग्रतेच्या काही चाचण्यांत मागे पडली. आईच्या रक्ताची जुनी नळी आणि मुलाने आकडे उलट क्रमाने म्हणून दाखवलेली चाचणी, या दोन नोंदी जुळल्या नसत्या तर हे कळले नसते. आणि त्या जुळल्या त्या क्रमांकाच्या आधाराने. विश्लेषणाला लागतो तो क्रमांक. नाव त्यात कुठेच लागत नाही.

दरम्यान वढूच्या कामाने वेगळे वळण घेतले. 2002 साली शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या 22 गावांत आरोग्य व लोकसंख्या निरीक्षण यंत्रणा सुरू झाली. डॉ. सिद्धिविनायक हिरवे, डॉ. संजय जुवेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बांधली. प्रत्येक घराला आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला कायमचा क्रमांक. ठरावीक काळाने पुन्हा त्याच दारात जायचे. जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर आणि शिक्षण टिपायचे. आज या गावांची लोकसंख्या लाखावर आहे. सणसवाडी, कोरेगाव भीमा भागात कारखाने आले आणि भाड्याच्या खोल्यांतून परप्रांतीय कुटुंबे येऊ-जाऊ लागली. सहा महिन्यांपूर्वीचे घर बंद, शेजाऱ्याला पत्ता नाही, असे कामगारवस्तीत वारंवार होऊ लागले. क्षेत्रसेविकांनी तरीही फेरी मोडली नाही. 15 जुलै 2004 रोजी बानूबाई गेल्या, तेव्हा ही यंत्रणा जेमतेम दोन वर्षांची होती.

बालकांच्या संशोधनात वढूचे नाव राष्ट्रीय पातळीवर गेले ते रोटाव्हॅकमुळे. या देशी रोटाव्हायरस लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाली. पुण्याची जबाबदारी वढूने आणि डॉ. आशिष बावडेकर यांच्या पथकाने उचलली. 2014 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले आणि 2016 पासून ही लस सार्वत्रिक लसीकरणात आली. तान्ह्या बाळांना मिळणाऱ्या या लसीच्या थेंबांमागे त्या पट्ट्यातल्या आयांचाही वाटा आहे.

2013 साली ‘इन्डेप्थ’ या निरीक्षण-केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने सदस्यांची निनावी माहिती संशोधकांसाठी खुली केली, त्यात वढूही सामील होते. माहिती वाटायची, पण माणूस ओळखू येऊ द्यायचा नाही, ही कसरत तेव्हापासून अधिकच नेमकी झाली. निव्वळ नाव खोडून भागत नाही. अमुक गावात अमुक साली जन्मलेली जुळी, त्यातल्या एकाच्या हृदयाला छिद्र : एवढे लिहिले की गावातला कोणीही बोट दाखवील. म्हणून जन्मतारखेऐवजी वय, गावाऐवजी गट, आणि फार थोडी मुले बसतात असा रकाना छापायचाच नाही, असे पथ्य जगभरच्या चांगल्या केंद्रांत पाळले जाते.

नोंदी जोडण्याची आज सर्वमान्य झालेली रीत अशी. शाळेकडून आणि दवाखान्याकडून फक्त ओळखीचे रकाने एका तिसऱ्या, विश्वासू हाताकडे जातात. तो जोड्या लावतो आणि प्रत्येक जोडीला सांकेतिक क्रमांक देतो. गुण किंवा आजार त्याला दिसत नाहीत. संशोधकाला क्रमांकासह गुण आणि आजार मिळतात, नाव मिळत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसेच हे. इंग्लंडमध्ये ‘इचाइल्ड’ नावाच्या प्रकल्पात मुलांच्या रुग्णालयातल्या आणि शाळांतल्या नोंदी याच रीतीने जोडल्या आहेत. त्याच इंग्लंडमध्ये ‘केअर डॉट डेटा’ ही आरोग्य-नोंदींची योजना लोकांना नीट न सांगता पुढे रेटली गेली आणि 2016 साली गुंडाळावी लागली.

आपल्याकडे या रीतीला एक गावठी अडथळा आहे, आणि तो कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. आणि त्या रकान्यात पानोपानी ‘1 जून’. पहिलीत घालताना वय बसावे म्हणून गुरुजींनी घातलेल्या या तारखेने अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी आणला! दवाखान्याच्या वहीत तेच मूल ऑक्टोबरात जन्मलेले असते. अलीकडे रुग्णालयातल्या जन्मदाखल्यांमुळे हे कमी झाले, पण जुन्या नोंदींत तारीख जुळत नाही, म्हणून आईचे नाव, आडनाव, वाडी असे आणखी रकाने मागावे लागतात. जितके रकाने जास्त, तितकी ओळख फुटण्याची भीती जास्त. म्हणूनच जन्मापासून एकच क्रमांक जपणाऱ्या वढूसारख्या यंत्रणेचे मोल फार मोठे ठरते.

बेल्हे त्या 22 गावांत नाही. पण नोंदी आता बेल्ह्यातही कागदावरून संगणकावर गेल्या आहेत. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक गाडी घेऊन शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. शाळांच्या नोंदींसाठी 2015 पासून ‘सरल’ आहे, ‘यू-डायस प्लस’ आहे, अंगणवाडीचा ‘पोषण ट्रॅकर’ आहे, विद्यार्थ्यांसाठी ‘अपार’ क्रमांक आहे आणि आरोग्यासाठी ‘आभा’. वढूला अनेक वर्षे दारोदार फिरून जे साधले, ते आता एका कळीसरशी होऊ शकते. सोय मोठी आहे. पण दारात बसून विचारलेली परवानगी या सोयीत आपोआप येत नाही.

कायद्याने या काळात बरीच मजल मारली. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी आयुर्विज्ञान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सात वर्षांवरील मुलाचा तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाचा लेखी होकार घेण्यास सांगितले. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आणि मुलांबाबतची जबाबदारी मोडल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. मात्र याच कायद्याने संशोधनाला सूट दिली आहे : त्या माहितीवरून त्या व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेली मानके पाळायची, या अटींवर. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. सूट रुंद आहे. तेव्हा मुलाचे संरक्षण व्हायचे ते पुन्हा संस्थेच्या शिस्तीवरच, आणि ती शिस्त केईएमकडे कायद्याच्या आधीपासून आहे.

हे श्रेय कोणा एकाचे नाही. डॉक्टरांची नावे शोधनिबंधांवर येतात. उन्हातान्हात फिरलेल्या क्षेत्रसेविका, आशा, अंगणवाडी सेविका, माहिती भरणारे हात, वर्गात जागा करून देणारे मुख्याध्यापक, आणि तीन-तीन वेळा रक्त द्यायला हात पुढे करणारी ती मुले यांची नावे कुठे छापली गेली नाहीत. संस्थेच्या पद्धतीत ती छापली जाऊ नयेत हेच अपेक्षित असले, तरी वाटचालीत त्यांची नोंद हवी.

बेल्हे आणि जुन्नर-आंबेगावच्या पालकांना, मुख्याध्यापकांना एवढीच विनंती : उद्या कोणी संशोधनासाठी मुलांच्या याद्या मागायला आले, तर त्यांच्याशी आपुलकीने बोला, पण आधी नैतिकता समितीचे मान्यतापत्र पाहा, नावे कोणाकडे राहणार, किती दिवस राहणार आणि नको म्हटले तर नोंद काढता येईल का, हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.