लकव्यानंतरची नजर मोजणाऱ्या पट्टीची कुळकथा

लकव्यानंतर दृष्टीत आलेल्या उणिवेचा जगण्यावर किती भार पडतो, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा उगम सहसा १९९० नंतरच्या अमेरिकी संशोधनात दाखवला जातो. परंतु या घराण्याचा मूळ पुरुष शोधायचा तर १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धातील जखमी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाकडे वळावे लागते. डोक्याला गोळी लागून दृष्टी गमावलेल्यांची हानी किती, म्हणजेच त्यांना वेतन किती, हे ठरवण्याचे काम तात्सुजी इनोये या तरुण नेत्रवैद्याकडे आले. रशियन बंदुकीची बारीक, वेगवान गोळी कवटीतून आरपार जाई आणि तरी पुष्कळदा माणूस वाचे. इनोयेने दोन्ही छिद्रांवरून गोळीची वाट काढली, ती दृष्टिक्षेत्राशी, म्हणजे नजर स्थिर असताना भोवताली जेवढे दिसते त्याच्याशी, ताडली आणि २९ सैनिकांच्या आधारे मेंदूतील दृष्टीची मांडणी १९०९ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध केली. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्सने हे काम वाढवले.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, इनोये वैद्याच्या मोजमापावर विसंबला, तर १९९४ ची मोतीबिंदूची प्रश्नावली किंवा कॅरोल मँजिओनी व सहकाऱ्यांची २००१ ची पंचवीस प्रश्नांची, ० ते १०० गुणांची प्रश्नावली रुग्णालाच बोलते करते. आक्षेप वजनदार आहे, आणि दोहोंना जोडणारा सरळ धागा दाखवता येत नाही हेही खरे. तथापि लकव्याच्या बाबतीत मोतीबिंदूचे कुळ नेमके अपुरे पडते. अर्धदृष्टिलोपात दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी दृष्टी जाते, तरी रुग्ण अक्षरतक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतो. आणि मेंदूच त्या बाजूची दखल घेईनासा झाला असेल, तर रुग्ण विचारल्यावर प्रामाणिकपणे काहीच अडचण नसल्याचे सांगतो. अशा वेळी इनोयेसारखे वैद्याचे मोजमापच खरे बोलते. इंग्लंडमध्ये फिओना रो यांच्या २०१९ च्या अभ्यासात लकव्याच्या ७३ टक्के रुग्णांत दृष्टीचे दोष आढळले, आणि त्यानंतर लिव्हरपूलमध्ये मेंदूच्या इजेसाठी पंधरा प्रश्नांची स्वतंत्र पट्टी घडली, ती याच अपुरेपणातून, असे मानण्यास हरकत नाही.

अशा पट्टीची गरज विदर्भातील भंडारा जिल्ह्यातही आहे: त्याच्या शेजारच्या गडचिरोलीतील ८६ गावांच्या अभ्यासात १४.३ टक्के मृत्यू लकव्याने झाल्याचे २०१५ मध्ये नोंदले गेले. वाचलेल्यांच्या नजरेचा प्रश्न त्यापुढचा. २००५ ची तेहतीस प्रश्नांची भारतीय पट्टी मोतीबिंदू, काचबिंदू अशा नेत्रविकारांवर पारखलेली आहे, आणि मँजिओनींची अमेरिकी पट्टी मोटार चालवणे व रस्त्यावरच्या पाट्या वाचणे विचारते, जे भंडाऱ्यातील धान उत्पादकाला फारसे लागू नाही. तिच्यातील नाटकाला जाण्याचा प्रश्न मात्र मंडईच्या जत्रेच्या रात्री झाडीपट्टीची नाटके पाहणाऱ्या या मुलखात चपखल बसतो, हा योगायोग मौजेचा आहे. येथे विचारावे लागेल ते रोवणीच्या दिवसांत ओल्या धुऱ्यावरून (बांधावरून) चालताना डावीकडची बांधी (भाताचे खाचर) दिसते का, कोशाच्या (टसर रेशमाच्या) मागावर धोटा दुसऱ्या टोकाला पोचलेला कळतो का, ताटाच्या एका बाजूचा भात तसाच राहतो का. आणि हे प्रश्न रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांनाही विचारावे लागतील.