खोसा
दक्षिण आफ्रिकेतील बांटू कुळाच्या न्गुनी शाखेची भाषा व ती बोलणारा समाज. झुलू ही तिची सख्खी बहीण. मुख्य प्रदेश ईस्टर्न केप. मातृभाषक सुमारे 80 लाख. 1996 च्या संविधानाने तिला अधिकृत दर्जा दिला.

नवख्या कानाला आधी जाणवतात ते तिचे टचकार. जीभ दातांमागे, टाळूला किंवा दाढांच्या बाजूला चिकटवून झटक्यात सोडली की ते उमटतात. रोमन लिपीत त्यांसाठी सी, क्यू आणि एक्स ही अक्षरे वापरतात. बांटू भाषांना हे ध्वनी मूळचे नव्हेत. खोइखोई आणि सान लोकांशी पिढ्यान् पिढ्या झालेल्या शेजार-सोयरिकीतून ते आले. ‘ह्लोनिफा’ या प्रथेनेही त्यांना वाट करून दिली, असे अनेक अभ्यासक मानतात. सुनेने सासऱ्याच्या नावातले ध्वनी उच्चारायचे नाहीत, असा दंडक. त्यामुळे रोजच्या शब्दांतही फेरफार करावा लागे आणि परके टचकार हाताशी होतेच. भाषेच्या इतिहासात सासुरवाशिणींना एवढे श्रेय क्वचितच मिळते.

नेल्सन मंडेला यांची ही मातृभाषा. मिरियम मकेबा यांच्या गाण्यांनी तिचे टचकार जगभर पोचवले. ‘ब्लॅक पँथर’ (2018) या चित्रपटात काल्पनिक वाकांडाचे रहिवासीही खोसाच बोलतात.