थंड इंजिन व जवळच्या फेऱ्या (मोटार)

रात्रभर उभी असलेली मोटार चालू करून चार-पाच किलोमीटरांत पुन्हा बंद केली की इंजिन पुरते तापत नाही व ॲव्हरेज घसरते. इंजिनातील पाणी साधारण ९० अंश सेल्सिअसला स्थिरावते. त्यामुळे भालकी तालुक्यातील (जि. बिदर) मेहकरची पौषातली पहाट काय नि वैशाखातली काय, इंजिनाच्या लेखी दोन्ही थंडच. पुण्याच्या ‘एआरएआय’ (स्थापना १९६६) या संस्थेचे नाव ज्या मायलेजच्या आकड्याला चिकटले आहे, त्या चाचणीतही गाडी आधी निदान सहा तास २० ते ३० अंशांत उभी ठेवतात. चाचणी ११८० सेकंदांची, अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर. दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्याला तो आकडा मिळत नाही तो यामुळेही.

कारणे : थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून मिश्रणात ते जास्त सोडावे लागते. प्रीमियर पद्मिनीत यासाठी चोक हाताने ओढत. तो परत ढकलायचे राहिले की काळा धूर येई आणि प्लग काजळत. आता हे काम सेन्सर व संगणक करतात. शिवाय थंड ऑइल दाट असते आणि पाण्यापेक्षा उशिरा तापते.

थर्मोस्टॅट : इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून अनेक गॅरेजांत ती काढूनच टाकतात. मग पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, काटा खालीच रेंगाळतो आणि संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो. झडप तपासणे सोपे : पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडावी, उघडली तर ठीक, नाही तर नवी बसवावी. काढून टाकणे हा इलाज नव्हे.

उपाय : दोन-तीन कामे एकाच फेरीत उरकावीत. उभ्याउभ्या तापवत न बसता लवकर निघावे व सुरुवातीला रेस कमी ठेवावी. किती वेळ तापवावे याबाबत जुने ड्रायव्हर व कंपन्यांच्या पुस्तिका यांचे जमत नाही. ऑइल पुस्तिकेतल्याच ग्रेडचे. जवळच्याच फेऱ्या असतील तर ते लवकर बदलावे, कारण न जळलेले पेट्रोल व पाण्याचा अंश त्यात उतरतो. ऑइलच्या झाकणाखाली साचणारी दुधाळ साय बहुधा त्याचीच.

डिझेल : तोटा तुलनेने कमी.

हायब्रिड : इंजिन मधूनमधून बंद होत असल्याने तापायला अधिक वेळ लागतो.